दरडीनंतरचा शिमगा : सावरण्यात लोकपरंपरेचा वाटा किती?

चाकरमानी

नमस्कार मंडळी,

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या अतिवृष्टीत गावची एक वाडी रातोरात दरडीखाली गेली. वाचलेल्या कुटुंबांना खालच्या सपाटीवर नवी घरे मिळाली असून ती आता तिथे राहायलाही गेली आहेत. आमचे ग्रामस्थ मंडळ गिरण्यांच्या काळापासून परळच्या एका चाळीत भरते आणि गावातल्या देवळापासून शाळेपर्यंत प्रत्येक कार्यात मुंबईकरांची वर्गणी असते. त्यामुळे वाडीच्या उभारणीचा प्रश्नही मंडळाच्या बैठकीत आला आणि तिथेच अडकला आहे.

येत्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नव्या वसाहतीत पूर्वीसारखी घरोघर न्यावी, असे गावातल्या जाणत्यांचे म्हणणे आहे. दरडीनंतर पालखी देवळातून सहाणेवर, म्हणजे पालखी बसवण्याच्या गावातल्या ठरलेल्या जागेवर, येते आणि तिथूनच परत जाते. शिमग्यातल्या नमन-खेळ्यांचे, म्हणजे सोंगे घेऊन नाच-गाण्याचे खेळ करणाऱ्यांचे, मृदंग, झांजा, सोंगांचे पोशाख आणि मुखवटे ज्या घरात ठेवलेले असत ते घरच उरले नाही, म्हणून हे सारे नव्याने घ्यावे लागेल. याच्याच जोडीला वाडीतल्या वयस्क बायकांना येणारी जात्यावरची आणि लग्नातली गाणी, देवाच्या कथा आणि गाडल्या गेलेल्या जागांची नावे ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, असे मी सुचवले. आमच्या खजिनदारांचा दोन्ही खर्चांना विरोध आहे. वसाहतीतला पाण्याचा पंप वरचेवर बंद पडतो, जोडरस्त्यावर अजून डांबर पडलेले नाही, अशा वेळी मृदंगावर पैसे घालणे त्यांना पटत नाही, आणि त्यांचा मुद्दा हलका समजावा असा मुळीच नाही.

मला छळणारा प्रश्न मात्र आणखी वेगळा आहे. पालखीचा घरोघर जाण्याचा क्रम मानाप्रमाणे ठरलेला होता. पालखी अंगणात यायची, घरची सून देवीची ओटी भरायची, गुरव त्या घराच्या नावाने गाऱ्हाणे घालायचा, म्हणजे देवीला विनवणी करायचा, आणि मग पालखी पुढच्या घराकडे निघायची. नव्या वसाहतीत घरे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली, त्यामुळे पहिल्या मानाचे घर शेवटच्या ओळीत गेले आहे, आणि क्रमातली काही घरे तर अशी आहेत की त्यांतले कोणीच मागे राहिलेले नाही. गाऱ्हाण्यात त्या घरांची नावे घ्यायची की वगळायची? त्यांच्यासाठी पालखी थांबवायची, तर कुठे थांबवायची? लोकपरंपरा, लोककथा, गाणी यांचा आपत्तीनंतर माणसे सावरण्याशी खरोखर काही संबंध असतो का, की मुंबईत बसून आम्ही आमचीच गावची ओढ त्यांच्यावर लादत आहोत? ज्यांनी असे काही अनुभवले आहे किंवा या विषयात काम केले आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

ओवीवाचक

चाकरमानी, मी मराठीचे अध्यापन करून निवृत्त झाले असून विलेपार्ल्यात राहते. लोकसाहित्य हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

पालखी आणि ध्वनिमुद्रण या दोन गोष्टी तुम्ही एकाच ठरावात बांधल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कराव्यात. पालखी हे त्या लोकांनी स्वतः करायचे कार्य आहे, तर ध्वनिमुद्रण हे त्यांच्याकडून आपण काहीतरी मागणे आहे. माझ्या मते पालखी याच वर्षी न्यावी आणि ध्वनिमुद्रण त्यांच्यापैकी कोणी आपणहून विषय काढेपर्यंत थांबवावे.

याचे कारण जात्यावरच्या ओवीतच सापडते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनातून ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. माहेर तुटल्याचे, भाऊ गेल्याचे, नवऱ्याने टाकल्याचे दुःख ती बाई जात्याला सांगते, विठोबाला सांगते, सीतेच्या वनवासातून सांगते. पहाटेच्या अंधारात, दळणाच्या घरघरीत ती गाते, तेव्हा समोर उत्तर मागणारे कोणी नसते आणि किती सांगायचे, कुठे थांबायचे हे तिचे तीच ठरवते. समोर यंत्र ठेवून "दरडीविषयी काही गा" असे म्हटले की हे सगळे संरक्षण निघून जाते. ज्या बाईने त्या रात्री नातवंडे गमावली आहेत तिच्याकडून असे गाणे मागू नये, ती गाईल तेव्हा जवळ बसावे.

गाणे आपत्तीला पुरून उरते हे मात्र खरे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि तिचे अवशेषही मिळाले नाहीत. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली, त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थी होते. कोणाचाही देह हाती लागला नाही, त्यामुळे अंत्यविधीचा आधारही मागे राहिलेल्यांना मिळाला नाही. त्या बोटीवरचे गाणे गुजरातीत आजही गायले जाते आणि झवेरचंद मेघाणींनी ते संग्रहित केले. जिथे समाधी बांधता येत नाही तिथे लोकांनी गाणे उभे केले, असे मला वाटते, आणि तुमच्या वाडीवरही ज्यांचे देह सापडले नाहीत अशी माणसे असतील तर हा विचार तुम्हाला उपयोगी पडेल.

खजिनदारांसाठी एक उदाहरण देते. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली, तेव्हा त्या भागातल्या गावोगावच्या हरीणनृत्यांचे आणि वाघनृत्यांचे मुखवटे, ढोल, पोशाख वाहून गेले. हरीणनृत्य हे तिकडे मृतांच्या स्मरणार्थही केले जाते. लोक तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत असतानाच अनेक मंडळ्यांनी ढिगाऱ्यातून मुखवटे शोधून काढले, नाच पुन्हा उभे केले, आणि ढोल व पोशाख नव्याने घेता यावेत म्हणून निप्पॉन फाउंडेशनसारख्या संस्थेने त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवला. दूरदूरच्या निवाऱ्यांत विखुरलेली माणसे सरावाच्या निमित्ताने एकत्र येऊ लागली, त्यामुळे ढोलावरचा खर्च हा उभारणीवरचाच खर्च आहे असे त्यांनी मानले. आपल्याकडे नमनाच्या तालमी शिमग्याच्या कितीतरी आधी सुरू होतात. त्या तालमींसाठी तरुण मुंबईहून गावी जाऊ लागले, तर तेवढ्यानेही वसाहतीत जाग येईल.

पाणीपुरवठा

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि माझे गावही कोकणातलेच आहे. ओवीवाचक ताईंनी लिहिलेले सुंदर आहे, तरीही खजिनदारांच्या बाजूने कोणीतरी ठामपणे बोलायला हवे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. नंतर बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद झाले, पण चौकोनी आखणीत जुने शेजार विखुरले, भावकी एका टोकाला आणि देऊळ दुसऱ्या टोकाला, असे अनेक ठिकाणी घडले. तिथल्या लोकांना सतावणाऱ्या अडचणी फार साध्या होत्या : पाणी, शेतापर्यंतचे अंतर, गुरांना जागा नसणे. तुमच्या वसाहतीतला पंप बंद असताना वाजतगाजत पालखी आली तर घरची बाई ओटी भरील, पण त्यासाठी पाण्याची कळशी तिला लांबून आणावी लागेल. उत्सव झाला म्हणजे पुनर्वसन झाले, असे ज्यांना दाखवायचे असते त्यांच्या हाती आपण आयते छायाचित्र देऊ नये. मंडळाने पंपाचा पाठपुरावा लेखी करावा, संबंधित कार्यालयाकडून तारीख घ्यावी आणि पालखीच्या बैठकीतच त्या पत्राची प्रत वाचून दाखवावी.

मात्र ध्वनिमुद्रणाच्या यादीतली एक गोष्ट थांबवू नका, ती म्हणजे जागांची नावे. डोंगरात पाणी कुठे मुरते, कोणता झरा पावसाळ्यात गढूळ होतो, कोणत्या उतारावर घर बांधू नये असे वडीलधारे सांगत, कोणत्या कड्याविषयी 'इथे पूर्वी वाडी होती' अशी गोष्ट आहे, हे सगळे आत्ताच नकाशावर उतरवून घ्यायला हवे. ते सांगणारी पिढी थकली आहे आणि गावाच्या उरलेल्या वाड्या अजूनही उतारावरच आहेत. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती. 'स्मोंग' या नावाने तिची आठवण गाण्यांतून आणि गोष्टींतून मुलांना सांगितली जाई : जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी ते बेट भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ होते, सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर त्सुनामीत मेलेल्यांची संख्या सात होती. कोणत्याही भोंग्याआधी लोक टेकडीवर पोहोचले होते. तुमच्या गावातल्या एखाद्या आजींना आठवणारी जुन्या दरडीची गोष्ट भूवैज्ञानिकाला दाखवण्याजोगा पुरावा ठरू शकते. तिथे एखादा जाणकार आणि गावातला गुराखी यांना बरोबर घेऊन चाला आणि नावे नोंदवा. या कामाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

किनारा

चाकरमानी दादा, मी कोळी समाजातली आहे आणि आमचा कोळीवाडा मुंबईच्या उत्तरेकडचा आहे. तुमच्या रिकाम्या घरांविषयी वाचून राहवले नाही.

दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही, तर घर तसेच राहते आणि मान कोणाकडे जायचा हा प्रश्न आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला आहे. समाजाने त्यासाठी रीत घालून ठेवली आहे, ती अशी की दुखवट्याचे घर आपणहून सण करीत नाही, त्याला सणात आणावे लागते. भावकीतली माणसे आधी त्या घरी जातात, गोडाचे ताट नेतात, हाताला धरून बाहेर आणतात, आणि मगच त्या घरात पुन्हा सण सुरू होतो. अशी रीत तुमच्या कोकणातही आहे, घाटावरही आहे. दुखवटा कोणी सोडवायचा आणि केव्हा, हे त्या दुःखी माणसावर सोपवलेले नसते. तुमच्या वाडीचा दुखवटा अजून कोणी सोडवलेलाच नाही, म्हणून पालखी सहाणेवरून परत जाते आहे, असे मला तुमच्या लिहिण्यावरून वाटले.

आमच्याकडे 'रामदास' बोटीची गोष्ट अजून सांगतात. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली, बहुतेक मुंबईत कामाला असलेली, सणाला घरी निघालेली. त्या दिवशी मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि बुडणाऱ्यांना वर ओढले, असे सांगितले जाते. माझ्या आजीने ही गोष्ट सांगताना कधी मेलेल्यांचा आकडा सांगितला नाही. ती मासळी टाकण्याचे सांगायची, टोपलीतले पापलेट सांगायची, आणि मग आम्हा मुलांना विचारायची, "तुम्ही टाकली असती का?" भीतीची गोष्ट तिने आमच्यासाठी वागण्याची गोष्ट करून ठेवली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत जाळी विणताना अशा गोष्टी निघतात, आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ देताना ज्यांना त्याने नेले त्यांचीही आठवण असतेच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की ज्या घरांत कोणी उरले नाही त्यांची नावे गाऱ्हाण्यात घ्यावीत, मोठ्याने घ्यावीत. त्या घरांच्या लेकी दुसऱ्या गावांत दिलेल्या असतील, त्यांना मानाने बोलवा आणि त्यांच्या हातून ओटी भरून घ्या. माहेर गेले तरी लेकीचा हक्क राहतो.

वस्ती_आरोग्य

मी कुर्ल्यातल्या वस्त्यांत आरोग्याचे काम करते. वरील प्रतिसादांशी सहमत आहे, पण एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. लोकपरंपरेत दिलासा असतो तसा दोष देण्याचा मार्गही असतो. पटकी (कॉलरा) आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर ढकलला जाई, म्हणजे संकट पुढच्या गावाच्या शिवेत जाई. 'देवीचा कोप झाला' म्हटल्यावर 'कोणामुळे झाला' हा प्रश्न लगेच उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा एखादी विधवा, एखादे खालच्या मानले गेलेल्या जातीतले कुटुंब, किंवा ज्याने मान मोडला तो तरुण असे निघते. दरडीविषयी गावात अशी कुजबुज असेल, तर पालखीच्या निमित्ताने तिला देवाची मोहोर लागू देऊ नका. गुरवांशी आणि मानकऱ्यांशी आधी स्पष्ट बोलून घ्या की गाऱ्हाण्यात कोपाचा, चुकीचा, शिक्षेचा उल्लेख येणार नाही.

अफवांविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात माणसे मारून त्यांची मोमियाई, म्हणजे माणसाच्या देहापासून काढतात असे मानले जाणारे औषध, काढतात, असे शहरभर बोलले जात होते. ही गोष्ट खरी नव्हती. पण घरात शिरून रोग्याला उचलून नेणे, त्याच्या माणसांना भेटू न देणे, बायकांची तपासणी अनोळखी पुरुषांनी करणे, यांचा जो धसका लोकांना होता तो खरा होता, आणि तो सांगायला त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली कॅटरिना वादळानंतर 'बंधारे मुद्दाम उडवले' असे कृष्णवर्णीय वस्त्यांत बोलले गेले. तेही बाहेरच्यांना वेडेपणाचे वाटले, परंतु १९२७ च्या महापुरात शहर वाचवण्यासाठी खालच्या बाजूचा बंधारा सुरुंगाने खरोखरच उडवला गेला होता. तुमच्या वाडीवर 'वरची खाण', 'वरचा रस्ता' अशा गोष्टी बोलल्या जात असतील, तर त्या खोडून काढण्याच्या घाईत पडू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या.

त्याच वादळानंतर ह्यूस्टनमध्ये कार्ल लिंडाल आणि पॅट जॅस्पर या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी जे केले ते तुमच्या ध्वनिमुद्रणाला लागू पडते. त्यांनी विस्थापितांनाच मुलाखत घेण्याचे प्रशिक्षण दिले, त्याचे मानधन दिले आणि त्यांनी आपल्यासारख्याच विस्थापितांच्या कथा ऐकल्या. विचारणाराही त्याच पाण्यातून आलेला असल्यामुळे सांगणाऱ्याला आपली दया केली जाते आहे असे वाटत नव्हते. तेव्हा मुंबईहून कोणी मुलाखती घ्यायला जाण्यापेक्षा वाडीतल्याच दोन मुलींना ते काम मोबदल्यासह द्यावे.

आपल्या शहराचाही विचार यानिमित्ताने मनात येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीच्या चहा-बिस्किटांच्या, अनोळखी घरांत मिळालेल्या आसऱ्याच्या गोष्टी आपण सगळे सांगतो, आणि त्या खऱ्याच आहेत. त्याच दिवशी साकीनाक्याला वस्तीवर टेकडी कोसळली आणि तिथली माणसे गेली, ती गोष्ट मात्र या सांगण्यात क्वचितच येते. कोणाची गोष्ट गावाची गोष्ट होते हे पाहत राहावे लागते.

चाकरमानी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मंडळाची बैठक झाली आणि हे सर्व प्रतिसाद मी तिथे वाचून दाखवले.

पाणीपुरवठा यांच्या सूचनेप्रमाणे पंपासाठी आणि रस्त्यासाठी पत्र तयार झाले असून खजिनदारांनीच पाठपुराव्याची जबाबदारी घेतली आहे. मृदंग आणि झांजा घ्यायच्या, पण मंडळाच्या निधीतून न घेता नमनात काम करणाऱ्या मुंबईच्या मुलांनी वर्गणी काढून घ्यायच्या, असे ठरले. मुखवटे गावातलाच सुतार करील. जागांची नावे याच मे महिन्यात चालत जाऊन नोंदवू. गाण्यांचा विषय सध्या बाजूला ठेवला आहे.

क्रमाविषयी गुरवांशी फोनवर बोलणे झाले. त्यांनी सांगितले की मान घराच्या जागेला नसून कुळाला असतो, त्यामुळे पालखी जुन्याच क्रमाने जाईल. त्यासाठी वसाहतीत तिला उलटसुलट फिरावे लागले तरी खांदेकरी फिरतील. लेकींना बोलावण्याची सूचना त्यांना फारच पटली. एक अडचण मात्र उरते : एका घरची लेकही नाही. किनारा ताई, तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?

किनारा

दादा, जिथे रक्ताचे कोणीच नसते तिथे शेजारीण उभी राहते. जुन्या वाडीत त्या घराच्या भिंतीला भिंत लागून कोण राहत होते, ते शोधा आणि त्या बाईला विचारा. मंडळाने नेमणूक करू नका, तिने हो म्हटले तरच करा, आणि तिने नाही म्हटले तर गुरवांनी सहाणेवर त्या घराच्या नावाने नारळ ठेवावा. ओटीचे साहित्य मी इथून पाठवते, शिमग्याच्या आधी परळला कोणाकडे पोहोचवायचे ते कळवा.